सात किलो

गेल्या वर्षी लेकीकडे जायचं ठरलं तेव्हा फोनवर तिचं पहिलंच वाक्य होतं, "आई, फक्त केबिन बॅग आण. बाकी काही म्हणजे काहीही आणू नकोस. इथे सगळं मिळतं."

लेक जर्मनीत असते. फ्रँकफर्टला उतरायचं, तिथून रेल्वे, मध्ये एकदा गाडी बदलायची. मी एकटी, गुडघे कुरकुरणारे, आणि मुक्काम जेमतेम दहा दिवसांचा. तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. तरी फोन ठेवल्यावर काहीतरी टोचत राहिलं. "इथे सगळं मिळतं" हे ऐकून आनंद मानायचा की वाईट वाटून घ्यायचं, तेच कळेना.

शेजारून सामान अडकवून तोलायचा काटा आणला. तिकिटावर लिहिलं होतं: हातातलं सामान सात किलो. रिकामी बॅगच निघाली अडीच किलोची! म्हणजे माझ्या वाट्याला उरले साडेचार. त्यातला एक किलो औषधं आणि डॉक्टरांच्या कागदांची फाइल. मी तो काटा हातात धरून बराच वेळ बसले होते. हे किलो मोजायचं वेड सुरू कुठून झालं असेल? मग काय, बॅग राहिली बाजूला आणि मी वाचत सुटले.

'केबिन' हा शब्द मुळात बोटीचा. बोटीच्या कंपन्या प्रवाशांना पेटाऱ्यांवर चिकटवायला लेबलं द्यायच्या. एक 'केबिन'चं, एक 'प्रवासात लागेल' असं, आणि एक 'प्रवासात नको' असं. शेवटचे पेटारे तळाशी जायचे ते थेट मुक्कामालाच वर यायचे. वजनाची कटकट फारशी नव्हती, कारण बोटीला चार पेटाऱ्यांनी काही फरक पडत नाही. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. दोन महिने पाण्यावर आणि पुढे काही वर्षं परक्या मुलखात, तीही साडी नेसूनच राहायचं ठरवून. फिलाडेल्फियात साड्या कुठून मिळणार? तेव्हाच्या प्रवाशाला आपलं जग सोबतच न्यावं लागे. तिथे काहीच मिळत नव्हतं.

विमान आलं आणि सगळं बदललं. विमानाला किलो-किलो कळतो. इंपीरियल एअरवेजने १९२९ साली लंडन ते कराची सेवा सुरू केली. त्या प्रवासाला साधारण आठवडा लागायचा आणि मधला काही भाग तर चक्क रेल्वेने करावा लागायचा. त्या काळात प्रवाशाला बॅगेसकट काट्यावर उभं करत. म्हणजे तुमचं वजन आणि बॅगेचं वजन एकाच हिशेबात! माणूसही सामानच. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले तेव्हा त्यांच्या त्या छोट्याशा पस मॉथ विमानात प्रवासी नव्हता, होतं फक्त टपाल, सुमारे २५ किलो. आज बऱ्याच विमानांत एका बॅगेला २३ किलो देतात. तेवढ्याशा ओझ्याने टाटांची हवाई सेवा सुरू झाली होती.

पुढे ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला गेलं. प्रवासी होते ३५. आजच्या विमानाच्या पाच-सहा रांगा भरतील एवढेच.

मग विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने नियम बसवले. पहिल्या वर्गाला ३० किलो, स्वस्त वर्गाला २०. वर एक किलो झाला की पहिल्या वर्गाच्या एकेरी भाड्याच्या एक टक्का दंड. स्वस्त तिकीट काढणाऱ्यानेही दंड भरायचा तो पहिल्या वर्गाच्या हिशेबाने! पण या नियमांत एक गंमत होती. काही वस्तू तोलायच्याच नाहीत अशी यादी होती. ओव्हरकोट किंवा ब्लँकेट, छत्री किंवा काठी, छोटा कॅमेरा, बायकांची पर्स, वाटेत वाचायला थोडी पुस्तकं, बाळाचं खाणं. ही यादी वाचली आणि मी एकटीच हसत सुटले. कारण ही यादी मी पाहिली होती. छापलेली नव्हे, मामाच्या अंगावर.

मामा १९७१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेला शिकायला गेला. मी तेव्हा आठ वर्षांची. माझं आजोळ दादरचं. निघायच्या आधी आठवडाभर घरात सुटकेस भरायची, बाजूच्या वाण्याकडे नेऊन तोलायची, परत आणून काढायची, हाच उद्योग चालला होता. शेवटी ती वीस किलोवर बसली. त्यात आजीने हट्टाने घातलेली विळीही होती. "तिकडे भाजी काय दाताने चिरणार का?" असा तिचा रोकडा सवाल होता. जे बसलं नाही ते ओव्हरकोटात गेलं. मुंबईच्या त्या घामट हवेत मामा जुना, जाडजूड ओव्हरकोट घालून सांताक्रूझला उभा होता. एका खिशात मेतकूट, दुसऱ्यात गोडा मसाला, आतल्या खिशात स्लाइड रूल. हातावर आजीने शिवलेली गोधडी, कारण ब्लँकेट तोलत नाहीत असं कोणीतरी सांगितलं होतं. गळ्यात हार. आणि परकीय चलनाच्या त्या दिवसांत अनेकांच्या असत तसे खिशात मोजून आठ डॉलर.

तुमच्याही घरात असा एखादा ओव्हरकोट गेला असेल. नसेल तर शेजारी नक्की.

त्याच्या खांद्याला विमान कंपनीने दिलेली झिपची छोटी बॅग होती, महाराजाचं चित्र असलेली. हातातलं सामान म्हणजे तेव्हा एवढंच. वर ठेवायला जागाच नसे. डोक्यावर जी उघडी फळी असायची तिला इंग्रजीत नावच होतं 'हॅट रॅक', टोपी ठेवायची फळी. टोपी, कोट, उशी, बस. जड काही ठेवलं तर धक्क्याने खालच्याच्या डोक्यात. जानेवारी १९७० मध्ये बोइंग ७४७ प्रवासी घेऊन उडायला लागलं तेव्हा दार लावून बंद होणारे कप्पे आले. मग ते बाकीच्या विमानांतही आले आणि हळूहळू मोठे होत गेले. सात किलोंना पहिल्यांदा घर मिळालं ते असं.

त्याच वर्षी चाकंही आली. बर्नार्ड सॅडो नावाचे बॅगांच्या धंद्यातले एक अमेरिकन गृहस्थ. सहकुटुंब सुट्टीवरून परतताना दोन जड सुटकेसा ओढत होते, आणि समोर एक कामगार भलंमोठं यंत्र चाकाच्या फळीवरून सहज ढकलत नेताना दिसला. त्यांनी सुटकेसला चार चाकं आणि एक पट्टा लावला. १९७२ मध्ये पेटंट मिळालं. दुकानदारांनी मात्र आधी नाकं मुरडली. पुरुष बॅग ओढत कसा चालेल, तो उचलूनच नेणार! चंद्रावर माणूस आधी उतरला आणि सुटकेसला चाकं नंतर मिळाली, ती या असल्या रुबाबामुळे. आता आपण वापरतो ती उभी, दोन चाकांची, दांडा वर येणारी बॅग रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७ मध्ये केली. सुरुवातीला ती विमानातले कर्मचारीच घ्यायचे. ते तोऱ्यात चाललेले बघून प्रवाशांनाही हवीशी वाटली. आपल्याकडे तोवर वळकटी, होल्डॉल आणि डोक्यावर दोन सुटकेसा घेणारे हमाल होतेच. दुसऱ्याचं डोकं स्वस्तात मिळत असेल तर चाक सुचायला वेळ लागतो.

पण चाकं आली म्हणून लोक लगेच हलके झाले नाहीत. उलटच झालं. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या मार्गांवर वजनाऐवजी नग मोजायला सुरुवात झाली. दोन बॅगा, आणि पुढे कितीतरी वर्षं एकेक ३२ किलोंपर्यंत. मामा पहिल्यांदा परत आला १९७९ साली, त्या दोन प्रचंड बॅगा घेऊन.

त्या बॅगा उघडायचा सोहळा कोणी विसरलं असेल असं वाटत नाही. दादरच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बॅगा आडव्या. सगळी मंडळी गोल बसलेली. कुलूप उघडताच येणारा तो वास, साबण, चॉकलेट आणि नव्या प्लास्टिकचा. आम्ही त्याला 'अमेरिकेचा वास' म्हणायचो. परत जाताना त्याच बॅगांत भाजणी, पापड, सांडगे, लोणच्याच्या बरण्या. शिकागोत पटेल बंधूंचं किराणा दुकान १९७४ मध्ये निघालं होतं, पण मामा होता ओहायोत, तिथून ते पाच-सहा तासांच्या अंतरावर. शिवाय आजीच्या हातची भाजणी पटेलांकडे कुठून असणार? महाराजाची ती बॅग मामा इथेच ठेवून गेला आणि आजी पुढे ती पंढरपूरला न्यायची.

इथवरचा इतिहास गमतीचा आहे. पुढचा तसा नाही.

२३ जून १९८५. एअर इंडियाचं 'कनिष्क' कॅनडाहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईला येत होतं. आयर्लंडजवळ समुद्रावर ते फुटलं. ३२९ माणसं गेली. व्हँकुव्हरला एका माणसाने बॅग दिली होती आणि तो स्वतः विमानात चढलाच नव्हता. त्याच दिवशी टोकियोच्या नारिता विमानतळावर एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानासाठी आलेली अशीच एक बॅग फुटली आणि सामान हलवणारे दोन कामगार गेले. त्यानंतर जगभर प्रवासी आणि त्याची बॅग यांची सांगड घालायचा नियम आला. माणूस चढला नाही तर बॅग उतरवायची. आपल्याकडेही विमानाजवळ बॅगा मांडून ठेवायचे आणि प्रत्येकाने आपली बॅग बोटाने दाखवली की मगच ती आत जायची, आठवतं? ती रांग का लागते हे तेव्हा आम्हाला नीटसं माहीतही नव्हतं.

माणसाशिवाय आलेली बॅग हा जगाचा धाक झाला. आमच्या घराचा धाक मात्र नेमका उलटा आहे. बॅगेशिवाय आलेला माणूस.

१९८६ च्या डिसेंबरात आजी गेली. मामाला निरोप गेला आणि तो तिसऱ्या दिवशी पोहोचला. सहार विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने विचारलं, "सामान कुठे?" मामा म्हणाला, "आई गेली." त्या माणसाने पुढे एक शब्द न विचारता बाजूला होऊन वाट दिली. हे मामाने नंतर सांगितलं, आणि ते सांगतानाच तो पहिल्यांदा रडला. घरात शिरला तेव्हा त्याच्या खांद्याला एकच बॅग होती. आणि मला आजही लाज वाटते ती ही, की तो दारात उभा असताना माझी नजर त्याच्या मागे गेली. बॅगा शोधायला. मी काही लहान नव्हते, तेवीस वर्षांची होते. पण मामा आला की मागून बॅगा येतात, हे डोळ्यांना पाठ झालं होतं.

तेव्हापासून परदेशातून कोणी हातातल्या एकाच बॅगेनिशी आलं की आमच्या घरात कोणी "सामान कुठे?" असं विचारत नाही. ज्यांची माणसं परदेशात आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

असो.

पुढचा इतिहास तुम्हा-आम्हाला तोंडपाठच आहे. १० ऑगस्ट २००६ ला ब्रिटनने पेयांमधून स्फोटकं न्यायचा कट उघडकीला आणला आणि काही दिवस तिथल्या विमानतळांवर हातात एक पारदर्शक पिशवीच नेता येत होती. पासपोर्ट, पाकीट, औषधं. बाळाचं दूध असेल तर आई-बापाने ते आधी स्वतः चाखून दाखवायचं. त्याच नोव्हेंबरात युरोपात शंभर मिलिलिटरचा नियम आला. आता नवे स्कॅनर बसल्यावर काही विमानतळांवर तो सैल झाला आहे. मग पैशाची पाळी. तेल महागलं आणि २००८ मध्ये एका मोठ्या अमेरिकन कंपनीने पहिल्याच बॅगेला १५ डॉलर लावले, मागोमाग बाकीच्यांनीही. स्वस्त विमानांनी युरोपात हे त्याआधीच सुरू केलं होतं. त्यानंतर लोक एकदम हलके झाले! मोजकी वस्त्रं, गुंडाळून भरायच्या युक्त्या, 'मी पंधरा दिवस एका बॅगेत राहतो' असा थोडासा अभिमान.

म्हणजे बघा. आपण हातात किती घ्यायचं हे आधी विमानाच्या ताकदीने ठरवलं, मग दंडाने, मग भीतीने, आणि शेवटी पुन्हा पैशाने. आपण फक्त बसेल ते भरत गेलो, आणि नंतर त्यालाच साधेपणा म्हणायला लागलो.

मला यावरून वारी आठवते. वारकऱ्याच्या हातात टाळ, खांद्यावर पताका, एवढंच दिसतं आणि आपण म्हणतो, किती हलका चालतोय हा. पण दिंडीच्या मागे-पुढे ट्रक असतो. त्यात वळकट्या, तंबू, भांडी, शिधा. ट्रक आहे म्हणून तो हलका चालू शकतो, आणि हे वारकरी कधी लपवतही नाही. आजच्या हलक्या प्रवाशाचाही ट्रक असतोच. लेकीच्या घरातलं धुलाई यंत्र, कोपऱ्यावरचं भारतीय दुकान, खिशातलं कार्ड. आनंदीबाईंच्या मागे ट्रक नव्हता. मामाच्या मागेही नव्हता. म्हणून त्यांनी सगळं अंगाखांद्यावर नेलं. "इथे सगळं मिळतं" म्हणजे ट्रक आधीच तिकडे पोहोचलाय. एका परीने ही केवढी कमाई आहे.

हे सगळं पटवून घेऊन मी एकदाची बॅग भरली. भाजणी काढली. साजूक तूप तसंही युरोपात नेता येत नाही, दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला तिथे बंदी आहे. सुकं खोबरं तर त्यातल्या तेलाने पेट घेऊ शकतं म्हणून विमानाच्या दृष्टीने धोकादायक मालात मोडतं. आजीला हे सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती याचा विचार करून पुन्हा एकदा हसले. लोणचं काढलं. विळीचा तर प्रश्नच नव्हता. काटा सहा किलो नऊशेवर थांबला आणि मला उगाचच परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. मुंबईला सुरक्षा तपासणीनंतर सवयीने टॅगवरचा शिक्का शोधायला लागले. ते शिक्के तिथे २०१७ मध्येच बंद झालेत, हे विसरूनच गेले होते.

फ्रँकफर्टला सगळे लोक पट्ट्याभोवती आपापल्या बॅगांची वाट बघत थांबले आणि मी त्यांच्यामधून सरळ चालत बाहेर पडले. खरं सांगते, फार ऐटीत चालले मी! रेल्वेही सहज बदलली.

स्टेशनवर लेक उभी होती. मला बघून हसली, आणि मग तिची नजर माझ्या मागे गेली. अगदी क्षणभरच. ती नजर मी ओळखली. १९८६ साली तीच नजर माझी होती.

घरी गेल्यावर तिने माझी बॅग उघडली. दोन साड्या, तीन ड्रेस, स्वेटर, औषधं, फाइल. "खरंच काही नाही आणलंस?" ती हसतच म्हणाली. मी म्हटलं, "तूच सांगितलंस ना, इथे सगळं मिळतं." "हो गं, मिळतं," म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. थोड्या वेळाने कप हातात देताना म्हणाली, "आई, तू एवढीशी बॅग घेऊन डब्यातून उतरलीस ना, मला एकदम मामाआजोबांची ती गोष्ट आठवली. पोटात गोळाच आला."

ती गोष्ट मीच तिला लहानपणी सांगितली होती. ती कुठे साठून राहील याचा मी तेव्हा विचार केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती मला कोपऱ्यावरच्या दुकानात घेऊन गेली. खरंच सगळं होतं. पोहे, साबुदाणा, कोकम, तयार भाजणीसुद्धा. आम्ही ती भाजणी आणून थालीपीठं केली. चांगली झाली. दोघींनीही चांगली झाली असं दोन-दोनदा म्हटलं.

पुढच्या वर्षी पुन्हा जायचंय. या वेळी तेवीस किलोची बॅग नेणार आहे. गुडघ्यांचं काय ते बघू. तिच्यात काय भरायचं ते मात्र अजून ठरलेलं नाही.